जुन्या ट्रकचा ब्रीदर: उघडा ठेवावा, बाटली लावावी, की बंद करून इंजिनात फिरवावा?

बीएस-३ (धुराच्या जुन्या सरकारी मानकाचा) किंवा त्याआधीचा सहा सिलिंडरचा ट्रक ज्याच्या दारात उभा आहे, त्याला हा प्रश्न चुकत नाही. इंजिनाच्या बाजूने खाली उतरलेल्या ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून घाटात निळसर धूर निघतो, टोकाशी ऑइल टपकतं, त्यावर धूळ बसून चासीवर काळा थर चढतो. एक मिस्त्री म्हणतो, "असू द्या, जुनं इंजिन आहे." दुसरा ऑइल गोळा करायला नळीत बाटली लावून देतो म्हणतो. तिसरा नळी उचलून एअर फिल्टरच्या पाइपात खोचून देतो. टपकणं थांबलं म्हणून मालकही समाधानी होतो. आणि ज्याने थोडं वाचलेलं असतं, तो फिल्टर आणि झडप असलेली तयार बंद प्रणाली मागवायच्या विचारात असतो.

हे चारही मार्ग शेजारी शेजारी ठेवून बघू. माझं मत मात्र आधीच सांगतो. मालवाहतुकीवर रोज राबणाऱ्या, थोड्याफार झिजलेल्या टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) असलेल्या डिझेलला उघडा ब्रीदर आणि त्यात नीट बनवलेली बाटली हा सगळ्यात शहाणा मार्ग आहे. बंद प्रणाली चांगलीच आहे, पण ती निरोगी इंजिनासाठी. आणि कंपनीने तशी दिलेली नसताना नळी थेट टर्बोच्या तोंडाशी नेणं हे कोणीही करू नये.

बोलतो आहे ते टाटाचं ६९७, लेलँडची हिनो घराण्यातली इंजिनं, जमशेदपूरला बनलेलं टाटा कमिन्सचं ६बीटी अशा यांत्रिक पंपाच्या इंजिनांबद्दल. यातली काही बिनटर्बोची, काही टर्बोची. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

नळीतून नेमकं काय बाहेर येतं

कॉम्प्रेशनच्या आणि जळणाच्या वेळी थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली चेंबरकडे, म्हणजे क्रँक आणि ऑइल असतं त्या पोकळीकडे निसटतो. गॅरेजमध्ये याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. ते नव्या कोऱ्या इंजिनातही असतं. ६बीटी ५.९ लिटरचं आहे. २५०० आरपीएमला चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १२५० वेळा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढतं, म्हणजे टर्बोचा जोर न धरताही सुमारे ७,४०० लिटर. त्यातला एक टक्का खाली निसटला तरी मिनिटाला ७४ लिटर वायू चेंबरमध्ये येतो आणि तेवढाच बाहेर पडावा लागतो. त्याच्यासोबत काजळी, पाण्याची वाफ, न जळलेलं डिझेल आणि ऑइलचे अतिसूक्ष्म थेंब असतात.

या वायूला वाट मिळाली नाही तर तो स्वतःची वाट काढतो. डिपस्टिक वर उचलली जाते, हेड कव्हरचं पॅकिंग पाझरतं आणि सगळ्यात महाग म्हणजे क्रँकचं मागचं ऑइल सील गळायला लागून क्लच प्लेट भिजते. गिअरबॉक्स उतरवून सील बदललं आणि महिन्याभरात पुन्हा गळलं, तर सीलच्या दर्जाला दोष देण्याआधी ब्रीदर तपासावा.

म्हणून ब्रीदरची कामं दोन: वायूला बिनअडथळा बाहेर सोडणं आणि ऑइलला आत ठेवणं. ही दोन्ही एकमेकांविरुद्ध ओढतात. ऑइल अडवायला जितकी बारीक जाळी, तितका वायूलाही अडथळा. पुढचे चारही मार्ग या ओढाताणीत कुठे उभे राहतात, तेवढंच खरं तर बघायचं आहे.

पैसे खर्चण्याआधी दाब कुठून येतो ते शोधा

हा भाग कोणी वगळू नये. ब्रीदर फुंकतोय म्हणजे रिंगा गेल्या, असा निकाल लावून थेट हाफ इंजिन (रिंगा-लायनर बदलायचं काम) उघडलं जातं आणि काम संपल्यावरही नळी पूर्वीइतकीच फुंकत राहते, असं ट्रकांच्या बाबतीत वारंवार घडतं. कारण चेंबरमध्ये दाब येण्याचे दरवाजे एकापेक्षा जास्त आहेत.

पहिला दुर्लक्षित दरवाजा म्हणजे एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर. त्याला ऑइल इंजिनातूनच मिळतं आणि ते परत चेंबरमध्येच उतरतं. त्याच्या रिंगा झिजल्या की दाबलेली हवा त्याच परतीच्या वाटेने इंजिनात घुसते. ओळखायला हत्यार लागत नाही. टाकीत हवा भरत असताना ब्रीदरच्या तोंडाकडे बघा. हवा पूर्ण भरून अनलोडर (टाकी भरल्यावर जादा हवा सोडणारी झडप) 'फुस्स' करून सुटला की परत बघा. धूर एकदम कमी झाला तर चोर कॉम्प्रेसर आहे. त्याचं काम हाफ इंजिनाच्या मानाने किरकोळ असतं.

दुसरा दरवाजा टर्बो. त्याची बेअरिंग आणि आतली सील झिजली की एक्झॉस्टचा वायू आणि दाबलेली हवा टर्बोच्या ऑइल परतीच्या नळीतून चेंबरमध्ये उतरते. शाफ्टला हाताने हलवून खेळ बघा, हवेच्या बाजूच्या पाइपात ऑइल साचलंय का तेही बघा. ज्या छोट्या ट्रकांत ब्रेकसाठी व्हॅक्यूम पंप असतो, तिथे तो पंपसुद्धा ओढलेली हवा इंजिनातच सोडतो. पंप झिजला किंवा व्हॅक्यूमची नळी कुठे फाटली, की तिकडूनही भर पडते.

मग उरतात रिंगा, लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) आणि पिस्टन. यातही सहाच्या सहा गेलेत की एकच, हे कळू शकतं. इंजिन गरम करून आयडलवर ठेवायचं आणि एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट ढिला करून तो सिलिंडर बंद पाडायचा. ज्या सिलिंडरला ब्रीदरचे झटके शांत होतात, तिथे पिस्टन तडकलेला किंवा रिंग तुटलेली असण्याची शक्यता मोठी. डिझेलच्या फवाऱ्यापासून हात आणि डोळे लांब ठेवा, आणि ही पद्धत फक्त जुन्या यांत्रिक पंपावर वापरा. कॉमन रेल, म्हणजे फार मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या नव्या इंजिनाच्या पाइपाला चालू असताना पाना लावायचा नाही. तो दाब कातडी फोडून आत शिरतो.

ऑइल भरायचं टोपण उलटं ठेवून ते नाचतं का बघायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. मी तिच्यावर फार विसंबत नाही. एवढं मोठं भोक उघडलं की दाब तसाच निघून जातो, आणि सहा पिस्टनांच्या हालचालीने टोपण चांगल्या इंजिनावरही थरथरतं. टोपण उडून पडलं तर काहीतरी बिघडलंय एवढंच कळतं.

त्यापेक्षा पाण्याची नळी बरी. पारदर्शक प्लास्टिकची नळी फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी बांधा, त्यात थोडं रंगीत पाणी घाला, एक टोक डिपस्टिकच्या भोकात रबरी बुचातून बसवा, दुसरं उघडं ठेवा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीतला फरक म्हणजे चेंबरमधला दाब. १० सेंटिमीटर फरक म्हणजे साधारण १० मिलिबार. इंजिन गरम हवं, आरपीएम दर वेळी तेच हवेत. कमाल मर्यादा प्रत्येक इंजिनाची वेगळी, ती त्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. पण मॅन्युअल नसलं तरी ही नळी दोन गोष्टी सांगते. एक, महिन्यामहिन्याने दाब वाढतोय का. दुसरी जास्त कामाची: ब्रीदरची नळी इंजिनापासून काढून पुन्हा मोजा. काढल्यावर पाणी धाडकन खाली आलं तर इंजिन नव्हे, नळी किंवा तिच्यातली जाळी तुंबलेली आहे.

नळी तुंबण्याची कारणंही आपल्याकडची आहेत. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते. कोणी नळीचं टोक दबलं म्हणून हातोडीने सरळ करायला जातं आणि तोंड अर्धं मिटवतं. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापत नाही, मग वाफ आणि ऑइल मिळून पिवळट लोण्यासारखा गाळ जाळीत धरतो.

आणि एक शेवटचं बघा: ऑइलची पातळी. वरच्या खुणेच्या वर भरलेलं ऑइल क्रँकच्या फटक्याने घुसळून निघतं आणि नळीवाटे बाहेर येतं. काही गाड्यांत चुकीच्या लांबीची डिपस्टिक वर्षानुवर्षं बसलेली असते. अशा गाडीला बाटली लावणं म्हणजे दर आठवड्याला चांगलं ऑइल गोळा करून फेकणं.

पहिला मार्ग: उघडी नळी आहे तशीच

तिची तारीफ आधी करतो, कारण हल्ली तिला फक्त नावंच ठेवली जातात. तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही. ना झडप, ना फिल्टर. मोकळी असेल तर दाब कधीच अडकणार नाही. टर्बो, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) आणि एअर पाइप ऑइलपासून कोरडे राहतात. शिवाय ती इंजिनाची तब्येत उघडपणे दाखवते. रोज नळीच्या तोंडाकडे नजर टाकणाऱ्या ड्रायव्हरला इंजिनातला बदल कोणाच्याही आधी कळतो.

जुन्या अमेरिकी पेट्रोल गाड्यांत हीच नळी खाली रस्त्याजवळ नेऊन टोक तिरकं कापलेलं असे, म्हणजे गाडी पळताना वाऱ्याच्या ओढीने वायू बाहेर खेचला जाई. गाडी हळू असली की ही ओढ नाहीशी होते. कॅलिफोर्नियात १९६१ पासून आणि अमेरिकाभर १९६३ पासून नव्या मोटारींत हा वायू परत इंजिनात जाळायला सुरुवात झाली. टर्बो असलेल्या मोठ्या डिझेलांना मात्र तिथे थेट २००७ च्या नियमांपर्यंत सूट होती, आणि कारण हेच: ऑइलची वाफ टर्बो आणि कूलर खराब करते. म्हणजे आपल्या जुन्या ट्रकाचा ब्रीदर उघडा आहे तो कोणाच्या हलगर्जीपणामुळे नव्हे. त्या काळच्या जाणत्या अभियंत्यांनी विचार करून तसा ठेवला होता. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ट्रकांचा हिशेब वेगळा आहे आणि त्यांच्या ब्रीदरला हात लावायचा नाही.

आता तोटे. भरलेली गाडी खंबाटकी किंवा कसारा घाट चढते तेव्हा इंजिनावर पूर्ण भार असतो, बॅक कॉम्प्रेशन सर्वात जास्त असतं आणि वेग सर्वात कमी. सगळी वाफ गाडीभोवतीच घुटमळते. जुन्या ट्रकांत इंजिनाचा बराचसा भाग केबिनमध्ये असतो. बॉनेटच्या गादीवर क्लीनर बसतो, कधी कधी रात्री तिथेच झोपतो. बॉनेटचं रबर फाटलेलं असतं आणि गिअर लिव्हरच्या भोवतालची फट उघडी. तो वायू त्याच्या छातीत जातो. अमेरिकेत २००५ मध्ये स्कूलबसवर झालेल्या तपासणीत बसच्या आत साठणाऱ्या सूक्ष्म कणांचा मोठा वाटा एक्झॉस्टपेक्षा इंजिनाच्या ब्रीदरमधून आल्याचं दिसलं होतं. आपल्या पीयूसी चाचणीत धूर सायलेन्सरच्या तोंडाशी मोजतात, ब्रीदरच्या नाही. म्हणून पीयूसी हातात आहे एवढ्यावरून केबिनची हवा चांगली आहे असं समजू नये.

रेडिएटरचाही त्रास असतो. डॉज रॅम पिकअपमध्ये हेच ५.९ लिटर कमिन्स १९८९ पासून बसत होतं. त्याच्या ब्रीदरची वाफ पुढून पंख्याबरोबर ओढली जाऊन रेडिएटरच्या जाळीवर चिकटे आणि त्यावर धूळ बसून गाडी तापे. तिथल्या मालकांनी नळी लांब करून पंख्याच्या मागे नेली. आपल्या गाडीत नळीचं टोक पंख्याच्या ओढीत येत असेल तर हाच उपाय करा: पंख्याच्या मागे, सायलेन्सरच्या पाइपापासून दूर, चासीच्या बाहेरच्या बाजूला, चढ न देता सतत उतरती.

आणि रस्ता. घाटाच्या वळणावर टपकलेलं ऑइल पहिल्या पावसात दुचाकीवाल्याच्या चाकाखाली येतं. गाडी आपली असली तरी रस्ता सगळ्यांचा आहे, म्हणून निदान टपकणं थांबवायलाच हवं असं मला वाटतं.

दुसरा मार्ग: नळी उघडी, मध्ये बाटली

इथे वायू बाहेरच जातो, पण वाटेत त्याला मोठ्या जागेत आणून मंद करतात आणि जाळीवर आपटवतात, म्हणजे ऑइल खाली बसतं. कल्पना सोपी आहे. बिघडते ती बनवण्यात.

ऑनलाइन मिळणारे चकचकीत ॲल्युमिनियमचे डबे बहुतेक मोटारींसाठी असतात. त्यांची नळी बोटाएवढी, पोट पेल्याएवढं. मिनिटाला ७४ लिटर, आणि झिजलेल्या इंजिनात त्याच्या दुपटीहून जास्त वायू त्यातून न्यायचा म्हणजे स्वतःहून दाब वाढवून घेणं. कित्येक डबे आतून नुसते पोकळ असतात. वायू एका भोकातून येतो आणि दुसऱ्यातून ऑइलसकट निघून जातो. ट्रकाला वर्कशॉपमध्ये पत्र्याच्या जाड पाइपातून बनवलेली बाटली बरी. निदान दोन-तीन लिटरची, आत येणारी वाट मधल्या उंचीवर आणि बाजूने, बाहेर जाणारी वरून, मध्ये सैलसर स्टेनलेस स्टीलची जाळी, तळाशी नळ. येणारी-जाणारी नळी इंजिनाच्या मूळ ब्रीदरपेक्षा कुठेही लहान नको. लोखंडी काथ्या भरू नका; तो गंजून तुटतो आणि गाळ धरतो.

नळीसाठी रेडिएटरचा होज वापरायची सवय सगळीकडे आहे. तो पाण्यासाठी बनवलेला असतो. ऑइलने फुगतो, मऊ पडतो आणि आतून चिकटून वाट बंद करतो. ऑइल सोसणारा होज मागून घ्या. नळीला मध्ये कुठे झोळ पडू देऊ नका, त्या झोळात पाणी आणि ऑइल साचून बूच बसतं. काश्मीर-लेहकडे जाणाऱ्या गाडीत हेच पाणी गोठतं आणि सकाळी इंजिन चालू करताच सील फुटतं. तिकडच्या फेऱ्या असतील तर बाटली इंजिनाच्या उबेत, जवळ बसवा.

बाटलीत जमलेलं पुन्हा इंजिनात ओतायचा मोह आवरा. त्यात पाणी, डिझेल आणि आम्ल असतं. जळक्या ऑइलच्या डब्यात टाका आणि तो डबा गोळा करणाऱ्याकडेच द्या, गटारात नको. हिवाळ्यात आणि पावसाळ्यात बाटलीत पांढरट पाणचट द्रव जास्त दिसला तर लगेच हेड गॅस्केटची धास्ती घेऊ नका. रेडिएटरचं पाणी कमी होतंय का ते आधी बघा. होत नसेल तर ती बहुधा वाफच आहे.

या मार्गाची उणीव एकच, पण ती खरी आहे: वास आणि अतिसूक्ष्म धूर जात नाही. मोठे थेंब अडतात, बारीक धुकं निसटतं. केबिनच्या हवेसाठी नळीची जागा आणि बॉनेटचं रबर दुरुस्त करणं हेच काम करतं. आणि बाटली रिकामी करायला कोणीतरी हवं. ऑइलची पातळी बघतानाच नळ सोडायची सवय ड्रायव्हरला लागली तर हा मार्ग गाडी भंगारात जाईपर्यंत साथ देतो.

तिसरा मार्ग: नळी थेट हवेच्या पाइपात

काही बिनटर्बोच्या डिझेलांना कंपनीनेच हेड कव्हरमधून नळी इनटेककडे दिलेली असते, आतमध्ये ऑइल अडवायचे पडदे आणि कधी दाब-नियंत्रक झडपही. इंजिन चांगलं असेल तोवर ती आहे तशी ठेवा. पण टर्बोच्या इंजिनाची मूळ उघडी नळी उचलून एअर फिल्टर आणि टर्बोच्या मध्ये खोचणं ही वेगळी गोष्ट आहे.

खाली टपकणारं ऑइल आता टर्बोच्या पंख्यावर बसतं, गरम होऊन कोळसा धरतं. पुढे इंटरकूलरच्या नळ्यांना आतून थर बसतो, हवा थंड होत नाही, काळा धूर वाढतो, ॲव्हरेज पडतं. सिलिकॉनचे होज ऑइलने मऊ पडून क्लॅम्पमधून निसटतात. हे सगळं महिन्यांमध्ये होतं, म्हणून मूळ कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. टपकणं थांबलेलं असतं ना!

पण मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. डिझेल इंजिनाला ऑइलचं धुकंही जळण म्हणून चालतं. पाइपाच्या झोळात किंवा इंटरकूलरच्या तळाशी साचलेलं ऑइल घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर एकदम ओढलं गेलं, तर इंजिन आपोआप पळायला लागतं. वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचा ताबा राहत नाही. स्टॉपची केबल ओढून उपयोग होत नाही, कारण जळतंय ते पंपाचं डिझेल नाही. इंजिन जितकं वेगात, तितकं बॅक कॉम्प्रेशन जास्त, तितकं ऑइल आणखी आत. ते दोनच प्रकारे थांबतं: हवा बंद करून, किंवा वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडून इंजिन बंद पाडून. हवेच्या तोंडावर हात ठेवायचा नाही, जाड फळी लागते. भरल्या गाडीत, उतारावर, घाबरलेल्या माणसाकडून यातलं काही होईल याची खात्री कोण देणार? झिजलेल्या इंजिनावर हा जुगाड केलेला दिसला तर त्याच दिवशी काढून टाका.

पेट्रोल गाडीतली पीसीव्ही झडप (चेंबरमधला वायू मापात इनटेककडे सोडणारी) आणून लावावी असंही काही जण सुचवतात. ती इनटेकच्या व्हॅक्यूमवर चालते. डिझेलला थ्रॉटल नसतो, म्हणून तिथे तसा व्हॅक्यूमच नसतो. ती झडप इथे निरुपयोगी, नुसता अडथळा.

चौथा मार्ग: फिल्टर आणि झडप असलेली बंद प्रणाली

मान हुमेलचं प्रोव्हेंट, पार्कर रॅकोरचं सीसीव्ही, डोनाल्डसनचं स्पायरॅकल ही यातली ओळखीची नावं. वायू एका दाट तंतूंच्या फिल्टरमधून जातो, बारीक थेंब एकत्र येऊन खाली गळतात आणि एकेरी झडपेतून चेंबरमध्ये परततात. स्वच्छ झालेला वायू टर्बोच्या आधी हवेत मिसळतो. यात दोन सुरक्षा झडपा असतात: फिल्टर तुंबला तर दाब बाहेर सोडणारी, आणि इनटेकची ओढ चेंबरपर्यंत पूर्ण पोहोचू न देणारी.

ही दुसरी झडप आपल्याकडे फार मोलाची आहे. खडीच्या क्रशरवर किंवा उसाच्या फडात चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर लवकर चोंदतो. तो चोंदला की टर्बो ब्रीदरमधून जोरात ओढायला लागतो, चेंबरमध्ये उणा दाब तयार होतो आणि सीलच्या कडेने धूळ आत येते. झडप नसलेली स्वस्त नक्कल लावली तर इंजिन आतून घासलं जाईल.

चांगल्या इंजिनावर ही प्रणाली खरोखर सुंदर काम करते. टपकणं नाही, वास नाही, केबिन मोकळी, चासी कोरडी, ऑइलही वाचतं. पण मापात बसलं पाहिजे. प्रोव्हेंट २०० मिनिटाला २०० लिटर वायूसाठी आहे. निरोगी ६बीटी त्यात आरामात बसतं, रिंगा गेलेलं इंजिन ती मर्यादा गाठू शकतं. तसं झालं की फिल्टर ऑइलने आणि काजळीने लवकर भरतो, सुरक्षा झडप सतत उघडी राहते आणि महाग किमतीची उघडी नळी एवढंच हातात उरतं. २००७ नंतरच्या डॉज रॅममधल्या ६.७ लिटर कमिन्सला ब्रीदरचा फिल्टर ६७,५०० मैलांनी, म्हणजे एक लाख किलोमीटरच्या थोडा पुढे बदलायला सांगितलाय. जुन्या, काजळी जास्त करणाऱ्या इंजिनात एवढी आशा धरू नका. दर सर्व्हिसला पाण्याच्या नळीने दाब मोजा आणि तो वाढला की बदला. हा फिल्टर तुमच्या गावात मिळतो का, हे प्रणाली विकत घेण्याआधी विचारा. मिळत नसेल तर कोणीतरी एक दिवस आतला फिल्टर काढून रिकामी डबी तशीच ठेवेल, आणि मग तो तिसरा मार्गच झाला.

मग कोणी काय घ्यावं

इंजिनाचा दाब मर्यादेत, टर्बो कोरडा, गाडी अजून काही वर्षं ठेवायची आणि प्रवासी किंवा शाळेची मुलं नेणारी जुनी बस असेल, तर खर्च करून चौथा मार्ग घ्या. बसमध्ये माणसं त्या हवेत तासन् तास बसतात. तिथे ऑइलच्या बचतीचा हिशेबच करू नये.

मालाचा ट्रक, इंजिन मध्यम झिजलेलं, गाडी लांब पल्ल्याची आणि दर वेळी वेगळ्या गॅरेजमध्ये उभी राहणारी: बाटली. कुठल्याही गावात दुरुस्त होते, आणि विसरली गेली तरी इंजिन मारत नाही. भरून वाहिली तर पूर्वीसारखं टपकेल, एवढंच.

इंजिन पार गेलंय आणि पुढच्या हंगामात काम काढायचंय, तर नळी मोकळी करा, टोक पंख्यापासून दूर न्या, बॉनेटचं रबर बदला आणि पैसे इंजिनाच्या कामासाठी ठेवा. अशा इंजिनावर बंद प्रणाली लावणं चुकीचंच, कितीही चांगल्या कंपनीची असली तरी.

जुना पेट्रोल ट्रक हौसेने सांभाळणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. तिथे कार्ब्युरेटरखाली व्हॅक्यूम असतो, म्हणून योग्य मापाची पीसीव्ही झडप आणि आत येणाऱ्या हवेसाठी फिल्टर असलेलं टोपण लावलं तर ऑइल जास्त दिवस स्वच्छ राहतं, विशेषतः गाडी कमी चालत असेल तर. आयडल थोडं पुन्हा लावावं लागतं. संग्रहातली गाडी मूळ रूपातच ठेवायची असेल तर नळीच राहू द्या आणि ऑइल किलोमीटरवर न बदलता महिन्यांवर बदला.

हाफ इंजिन नुकतंच केलेल्यांनी थोडं थांबावं. नव्या रिंगा लायनरला बसेपर्यंत ब्रीदर जास्त फुंकतो आणि ऑइलही जास्त टाकतो. त्या काळात लावलेला नवा फिल्टर वाया जातो. पहिल्या ऑइल बदलीपर्यंत उघडी नळी ठेवा. गाडीवर रोजचा भार घालून रिंगा बसू द्या, बराच वेळ आयडलवर उभी ठेवू नका, नाहीतर लायनर गुळगुळीत होऊन रिंगा कधीच नीट बसत नाहीत. ऑइल बदलल्यावर पाण्याच्या नळीने दाब मोजा आणि आकडा, आरपीएम आणि किलोमीटर हेड कव्हरवर पेंटने लिहून ठेवा. बंद प्रणाली घ्यायची की बाटली, हे त्या आकड्यावर ठरवा. पुढच्या प्रत्येक सर्व्हिसला त्याच्याशी ताडून बघा.